थंड गाडीला हात न लावणारा

सीतापुऱ्यातला आमचा मेकॅनिक थंड गाडीला हातच लावत नाही. 'ठंडी तो सबकी अच्छी चलती है, साहब,' म्हणतो आणि मागे बसून मला चक्कर मारायला लावतो. डोळे मिटून इंजिन ऐकतो. वाटेत स्वतःची भाजीही घेतो.

माझी जुनी कार्बोरेटरवाली मोटारसायकल वीसेक मिनिटांनी गचके देऊन बंद पडायची. गरम झाली की रुसते, हे माझं ठाम निदान. परवा ती तशीच बंद पडली, तेव्हा भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन त्याने टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! आणि गाडी लगेच सुरू.

'गरमी नहीं है. दम घुट रहा है.'

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. हवा आत गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. त्या भोकात माझ्या सहा दसऱ्यांचं हळदकुंकू घट्ट बसलं होतं.

त्याने चपला काढल्या, हात जोडले आणि मगच टाचणी घातली. निघालेलं कुंकू फुंकायला गेला, पण थांबला. ते बोटावर घेऊन त्याने माझ्या कपाळाला लावलं.

'पूजा ज़रूर करना. पर टीका हेडलाइट पे. उसको साँस नहीं लेनी.'