मोठ्या ताईंचा अंगठा

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराला टेकलेल्या आमच्या पाड्यावर मी एका संस्थेची बालवाडी चालवायचे. संस्थेचं ऑफिस डहाणू रोडला, स्टेशनजवळ एका माडीवर. दर सोमवारी आम्ही साऱ्या बालवाडीताई तिथे जमायचो. मिटींग म्हणायला मिटींग. काम तासाभरात उरकायचं, मग गंजाडची ताई डबा उघडायची, आशागडची ताई सासूच्या कागाळ्या उघडायची, आणि चव दोन्हींना सारखीच असायची. मला तो सोमवार फार आवडायचा. बाकी आठवडाभर माझं बोलणं कोणाशी, तर नाक पुसायला विसरणाऱ्या पोरांशी.

२०१६ साली संस्थेने आम्हाला टचस्क्रीनचे फोन दिले आणि आमचा सोमवार काढून घेतला. एवढ्या लांबून येण्यात दिवस मोडतो, आता हजेरी, फोटो, सूचना सगळं ग्रुपवर, असं मोठ्या ताईंनी सांगितलं. मोठ्या ताई म्हणजे संस्थेच्या प्रमुख. मनाने लाख बाई, पण बोलणं मोजूनमापून.

आमच्याकडे रेंज यायची ती फक्त घरामागच्या खळ्यावर. बालवाडी सुटली की मी तिथे उभी राहून पोरांचे फोटो पाठवायचे. ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि चहाचे कप यायचे. आता चहाच्या चित्राने कोणाची तलफ भागली आहे? गंजाडच्या ताईच्या डब्यात आज काय आहे, हे मात्र कोणी सांगत नव्हतं. काही महिन्यांतच मला एकटेपणा खायला उठला. नवरा म्हणायचा, त्यापेक्षा उंबरगावला कंपनीत जा, चार बायका तरी भेटतील. मलाही ते पटायला लागलं होतं.

शेवटी एकदा धीर केला. खळ्यावर उभं राहून ग्रुपवर लिहिलं, "मोठ्या ताई, महिन्याच्या पहिल्या सोमवारी तरी पूर्वीसारखं भेटू या का? इथे फार एकटं वाटतं." शेवटचं वाक्य एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. एक पिवळा अंगठा. सोबत एक अक्षर नाही.

फोन मला नवा होता, त्यातली चित्रंही नवी होती. पण अंगठा नवा नव्हता. अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. तरी खात्री करावी म्हणून सासूबाईंना दाखवला. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "अंगठा दाखवला गे तुला. बस आता घरी." संध्याकाळी रिचार्ज मारायला तलासरीला गेले, तर गल्ल्यावरचे म्हातारे गुजराती शेठही चष्मा वर करून म्हणाले, "बेन, आ तो अंगूठो बताव्यो." दोन्ही भाषांत निकाल एकच लागला.

माझं डोकं फिरलं. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण सगळ्यांसमोर ठेंगा? मी ग्रुपमधून बाहेर पडले. बालवाडी चालू ठेवली, पोरांचा काय दोष. पण खळ्यावर पाऊल टाकलं नाही. उंबरगावचं बघा, असं नवऱ्याला सांगूनही टाकलं.

पहिला सोमवार गेला आणि दुसऱ्या दिवशी पाड्याखालच्या रस्त्यावर जीप थांबली. पुढे मोठ्या ताई, मागे गंजाडची आणि आशागडची. राजीनामा घ्यायला आल्या असणार, असं वाटून मी पदर खोचला.

"काल आली का नाहीस गं?" मोठ्या ताई धापा टाकत म्हणाल्या. "तुझ्यासाठी आम्ही किती वेळ खोळंबलो. फोन लागत नाही, ग्रुपवर नाहीस. म्हटलं, आजारी पडलीस."

"बोलावलंत कुठे मला? चारचौघींत अंगठा दाखवलात की."

"अगं, अंगठा म्हणजे हो."

"तुमच्या डहाणूत असेल."

गंजाडची ताई हसायला लागली ती थांबेचना. आशागडची हळूच म्हणाली, "मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मी घरी लेकीला विचारलं." मोठ्या ताई स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसल्या.

मग आमच्या ओटीवरच मिटींग झाली. मला आजारी समजून मोठ्या ताईंनी चिकू आणले होते, मी नागलीच्या भाकऱ्या थापल्या. कामाचं कोणी बोललं नाही. निघताना मोठ्या ताई म्हणाल्या, "पहिला सोमवार पक्का. आणि यापुढे मी अक्षरात लिहीन. अंगठा बंद." नवऱ्याला म्हटलं, उंबरगाव राहू दे.

त्यांनी शब्द पाळला. ग्रुपवर साधं "हो" लिहायच्या, पण अंगठा नाही. फुलं आणि कपही हळूहळू गेले. गंजाडची ताई सकाळी बोलून पाठवायची, आज डब्यात काय आहे ते, आणि तीच आमची हजेरी होऊन बसली. आशागडची तर सासू परसात गेली की कुजबुजत पाठवायची. मी खळ्यावर फोन कानाला लावून एकटीच हसायचे. फार सुखाची होती ती वर्षं.

२०१९ साली उंबरगावला खरंच जागा निघाली. घरच्यांचं म्हणणं, घ्यावी. माझंही मन दोन्हीकडे ओढत होतं. शेवटी ग्रुपवर लिहिलं, "मोठ्या ताई, पुढच्या महिन्यापासून काम सोडावं म्हणते. परवानगी द्याल ना?"

 मोठ्या ताईंचं उत्तर आलं. एक पिवळा अंगठा.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. माझे डोळे भरून आले. तसाच फोन नेऊन मी सासूबाईंना दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले.

"परत अंगठा दाखवला गे तुला."

"हो ना. उंबरगाव राहू दे," मी म्हटलं, आणि आज चुलीवर काय आहे ते सांगायला पुन्हा खळ्यावर गेले.