पोलिसांची परीक्षा घ्यायला गेल्तो

आधी चहा संपवून घ्या बरं. मधीच हसू आलं तर ठसका लागंल. कारण मी जो गाढवपणा केला ना, तो अख्ख्या जालन्यात दुसऱ्या कुणाला सुचणंच शक्य न्हाई!

आमच्या पोलीस ठाण्याची नागरिकांची एक समिती हाय. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, पोलिसांचं काम बराबर चाललंय का ते बघायचं. तिच्यात मला घेतलं. झालं! मी आमच्या मस्तगड भागातून छाती काढून चालायला लागलो. पहिल्याच बैठकीत ठाण्याचे साहेब म्हणले, "तुम्ही आमच्यावर लक्ष ठेवा." बाकीचे मेंबर समोसे खात व्हते. मनावर घेतलं ते फक्त मी.

आता लक्ष ठेवायचं म्हंजे काय करायचं? म्हणलं, परीक्षाच घेऊ! साधा माणूस गाडी चोरीला गेली म्हणून आला, तर हे लिहून घेतात का 'उद्या या' म्हणतात, बघूच. पण त्यासाठी गाडी गायब पाहिजे ना! मंग काय, स्कूटी काढली आन् सरळ बदनापूरला सासऱ्यांकडं. सासरे, म्हंजे आमचे मामा, रिटायर मास्तर. एकदा शब्द दिला की बिलकुल फिरवायचे न्हाईत.

"मामा, गाडी ठेवून जातो. कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका. तुमच्या लेकीलाबी न्हाई."

"जावईबापू, काही भानगड तर न्हाई ना?"

"छे हो! समितीचं काम हाय," म्हणलं आन् रेल्वेनं परत आलो.

ठाण्यात गेलो. मी मेंबर हाय हे काही बोललो न्हाई. वाटलं, दोन तास ताटकळत ठेवतील, मंग बैठकीत असं भाषण ठोकीन की बस! कसलं काय! हवालदार बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, तक्रार लिहून घेतली, वर वाचूनबी दाखवली. "काळजी करू नका काका, सापडंल." मला तर वाईटच वाटलं हो. भाषण गेलं ना माझं!

तरी म्हणलं, लिहून घेतलं म्हंजे शोधतील थोडेच? दोन दिवसांनी 'सापडली' म्हणून सांगून येऊ.

संध्याकाळी फोन. "काका, गाडी सापडली. चोरबी सापडला. जल्दी या!"

चोर? कोणता चोर? तिकडं बायकोनं पदर खोचला. "मीबी येते. मेल्याला चार शब्द सुनावल्याशिवाय सोडत न्हाई!"

ठाण्यात शिरलो तर बाकड्यावर मामा. पांढरी टोपी, ताठ मान. बायकोचे चारी शब्द घशातच राह्यले.

झालं असं, की मामांनी गाडी झाकायला तिच्यावर गोधडी टाकल्ती. नंबर तेवढा उघडा! तो नंबर सगळ्या ठाण्यांना गेल्ता, आन् मामांच्या गल्लीतच एक पोलीस राह्यतो. त्यानं विचारलं, "गुरुजी, गाडी कुणाची?" मामा म्हणले, "सांगणार न्हाई." लई विचारलं तेव्हा म्हणले, "मीच उचलून आणली!"

मी जवळ गेलो तर मामा हळूच म्हणले, "तुम्ही गप बसा. काय भानगड केली ते नंतर बघू. तुमची नोकरी हाय, पोरीचा संसार हाय. माझं ह्या वयात काय जाणार?"

ज्या माणसानं जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, तो माझ्यापायी चोर व्हायला बसल्ता.

"साहेब, चोरी झालीच न्हाई! मी परीक्षा घेऊन राह्यलो होतो."

"कुणाची?"

"तुमची."

साहेब म्हणले, "मग? पास झालो का आम्ही?"

"पहिल्या नंबरानं, साहेब!"

मंग त्यांनी खोट्या तक्रारीला काय शिक्षा असते ते मला असं समजावलं, की मी तिथंच दोन्ही कान धरले. शेवटी मामांच्या वयाकडं बघून सोडलं. "आधी मास्तरांच्या पाया पडा!" पडलो. बायकोच्याबी पडणार व्हतो, पण ती माझ्याकडं बघतच नव्हती.

निघताना साहेबांनी अदबीनं विचारलं, "मास्तर, आमच्या माणसांनी काही त्रास दिला का? पोलिसांबद्दल काही तक्रार?"

"हाय ना!" मामा कडाडले. "एवढ्या मोठ्या खोटारड्याला सोडून काहून देऊन राह्यले तुम्ही?"

साहेब हसू दाबत म्हणले, "त्याला समिती आहे. मेंबरकडे तक्रार द्या, ते बैठकीत मांडतात."

मामा माझ्याकडं वळले. "घ्या मेंबरसाहेब, माझी तक्रार."

आता काय करता? मेंबर म्हणलं की मांडावी लागंल! येत्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून मला पोलिसांना जाब विचारायचाय, की ह्या माणसाला, म्हंजे मलाच, तुम्ही आत काहून टाकलं न्हाई!