मामेसासऱ्यांचे पांढरे मोजे

पिसू या प्राण्याला माझ्या मामेसासऱ्यांइतकं गंभीरपणे घेणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात सापडायचा नाही. खुद्द कुत्रीसुद्धा तिला इतकं मनावर घेत नाहीत. मामा जनावरांचे डॉक्टर. नोकरी धडगावकडे गेली, जिपांना लटकून घाट चढण्यात आणि गुरं तपासण्यात. पण निवृत्त होऊन शहरात आल्यावर त्यांनी गाई-म्हशींकडे पाठ फिरवली आणि उंदीर, घुशी, मुंगूस, गल्लीतली मांजरं या मंडळींकडे लक्ष वळवलं. फोन केला की आधी "उंदीर काय म्हनतस?" आणि आमची ख्यालीखुशाली नंतर, वेळ उरला तर. कुणाकडेही गेले की पिशवीतून गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे काढायचे, ते चढवून माळा, कोठीची खोली, जिन्याखालची अडगळ असं फिरून यायचे आणि मग उजेडात पाय पुढे करून मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारतात का ते बघायचे. एका मुलगी बघायच्या कार्यक्रमात त्यांनी मुलीकडचं मांजर मांडीवर घेऊन उवांच्या फणीने विंचरायला घेतलं. मुलीची आई हबकली. मामा शांतपणे म्हणाले, "पोरगी चांगली शे. मांजरले साबन लावा." लग्न ठरलं आणि मांजरालाही अंघोळ मिळाली.

आम्ही हसायचो. मग एका दिवाळीच्या साफसफाईत माझ्या बायकोने माळ्यावर उंदीर मारायच्या गोळ्या ठेवल्या आणि मेलेले उंदीर स्वतःच झाडून काढले. थोड्या दिवसांनी तिला ताप भरला. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, आणि ताप उतरायचं नाव घेईना. डोकं इतकं दुखायचं की ती भिंतीकडे तोंड करून नुसती पडून असायची. मी पार घाबरून गेलो होतो.

मामांना कळवलं, तर त्यांनी ताप किती हे विचारलंच नाही. "उंदीर मरना का घरमा?" मी हो म्हटलं. ते रिक्षाने आले, मोजे घालून माळ्यावर चढले आणि उतरले तेव्हा मोजे तीळ लावल्यासारखे दिसत होते. "उंदीर मरी गयात, पन पिसू मरस का? ती नवं घर धुंडस," ते म्हणाले. "पहिले पिसू मारा, मंग उंदीर." मोजे पिशवीत घट्ट बांधून ते आमच्याबरोबर दवाखान्यात आले. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पिसवांमुळे होणारा टायफस नावाचा ताप असू शकतो, रक्त तपासायला पाठवू पण औषध आजच सुरू करू, असं ते म्हणाले. दोन-तीन दिवसांत ताप उतरला आणि तिने चहा मागितला. चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि तिथेच रडलो. मामा तेव्हा माळ्यावर फवारणी करत होते.

त्या वर्षापासून दर दिवाळीला त्यांच्याकडून फराळाबरोबर मला पांढऱ्या मोज्यांचा एक जोड येऊ लागला. आता मामांना कुठलाच माळा चढवत नाही, तेव्हा आमचा माळा मीच बघतो. गेल्या दिवाळीत त्यांचा फोन आला. "तब्येत कशी शे, जवाईबापू?" बरी आहे म्हटलं आणि उंदरांची वाट पाहत राहिलो. उंदीर काही येईनात. शेवटी मीच सांगितलं, "मामा, माळा बघून आलो. मोजे अगदी पांढरेच आहेत."

मग त्यांनी विचारलं, "कोना मोजा?"

"तुमचेच मोजे, मामा," मी म्हटलं.

ते बरं म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा माझी तब्येत विचारली.