फूक मार

मे महिना, मंगळवार, भर दुपार. कुंभवलीजवळच्या कारखान्याचं मागचं अंगण. हजर: मी, लखमी, जानकी, सुपरवायझर, वॉचमन. काम: रंगाची रिकामी पिंपं धुणं.

“तोंड उघड. फूक मार.”

सुपरवायझर मला सांगत होता. माझ्या मुलाच्या वयाचा. माझा तोल गेला होता, एवढंच. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, रबरी बूट घामाने भरले होते. पण पाड्यावरची बाई झोकांडली म्हणजे प्यायलेलीच.

मी फूक मारली.

“आज वास नाही. पण तुम्हा लोकांचं काय सांगावं!”

वॉचमन हसला. मीही हसले.

संध्याकाळी आमच्या पाड्यावर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना सांगितलं. “ऊन बाधलं तुला,” त्या म्हणाल्या. घाम, चक्कर, मळमळ, पायांत गोळे, या सगळ्या त्याच्याच खुणा. गार जागी निजवायचं, पाय उंच ठेवायचे, कपडे सैल करायचे, ओल्या फडक्याने पुसून वारा घालायचा. शुद्धीत असेल तर मीठ-साखरेचं पाणी घोटघोट. बरळायला लागली किंवा शुद्ध गेली, तर तोंडात काही घालायचं नाही. अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना. दुसऱ्या दिवशी मी हे लखमी-जानकीकडून पाठ करून घेतलं.

शुक्रवारी लखमी पिंप धरून खाली बसली. ओठ पांढरे, डोळे मिटत होते, पण हाकेला ओ देत होती.

“लखमे, डोले उघड गो!” जानकी ओरडली.

सुपरवायझर आला. मला म्हणाला, “हिलाही चढली? तोंडाचा वास घे तिच्या.”

“नाय घेणार. केबिन उघडा.”

अंगणात सावली नव्हती. गारवा फक्त त्याच्या केबिनमध्ये, आणि तिथे आम्हाला बंदी.

“लादी घाण होईल.”

“होऊ दे. पिंपं धुतो, लादीपण धुवू.”

जानकी म्हणाली, “साहेब, आता तुमीच फुका. वारा तरी लागंल तिला.”

आम्ही दार ढकललं. लखमीला लादीवर निजवलं, पाय त्याच्या खुर्चीवर ठेवले. बूट ओढून काढले, ओल्या पदराने मान पुसली, फायलीने वारा घातला. बऱ्याच वेळाने तिने पाण्याचा घोट गिळला. म्हणाली, “माजा डबा उनात राहिला.”

त्याने माफी मागितली नाही. पण आता आमच्यातली एकही बाई कुणाच्या तोंडावर फूक मारणार नाही.

अंगणावर सावलीची जाळी मागितली आहे. अजून बांधलेली नाही. ती बांधेपर्यंत भर दुपारी आम्ही पिंपाला हात लावत नाही.