हिरमची बंदूक, केटुराचा नेम

केटुरा प्रुइटचे हात पाहिले की लोकांना वाटायचं, ही बाई छापखान्यात कामाला असणार. बोटांच्या पेरांत काळं मुरलेलं आणि अंगठ्यावर कागदाच्या कडेनं पडलेल्या बारीक चिरा. टेक्ससच्या माळावर तंबू ठोकून राहायचं आणि नवऱ्याला, हिरमला, गव्यांच्या शिकारीसाठी गोळ्या तयार करून द्यायच्या, हा तिचा दिवस. हिरम शिसं वितळवून साच्यात ओतायचा. पुढचं सगळं तिचं. चिवट कागदाचे तिरके तुकडे कापायचे, ओले करायचे आणि गोळीभोवती बरोबर दोन वेढे घ्यायचे. कडेला कड भिडली पाहिजे, पण एकीवर एक चढता कामा नये. उरलेलं शेपूट पिळून गोळीच्या बुडात दाबायचं. वाळला की तो कागद शिशाला कातडीसारखा धरून बसायचा. मग मेणचरबीचा हात फिरवून, काळी दारू भरलेल्या पितळी काडतुसावर गोळी बसवायची. कागदामुळे शिसं नळीला माखत नसे, आणि गोळी सुटली की तो फाटून बंदुकीच्या तोंडापुढेच उडून जाई.

"बाई, गोळ्यांना एवढ्या मायेनं कपडे घालता," ओबेद म्हणायचा, "माझ्या सदऱ्यालाही दोन टाके घाला की."

"तुझ्या सदऱ्याला सुई लावायची तर आधी त्याला गोळी घालावी लागेल. नदीत बुडवून आण, मग बघू."

ओबेद कातडी सोलायचा. केंटकीचा पोरगेला माणूस, तिशीचा असेल, पण हसला की दात पुढे यायचे आणि लहान वाटायचा. तंबूत हसणारा तो एकटाच. हिरम यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला, नेमबाज म्हणून नाव कमावलेला आणि त्यानंतर कमी बोलणारा.

दोन हिवाळे बरे गेले. हिरम लांबवर पालथा पडायचा, दोन काठ्यांच्या कैचीवर जड नळी टेकवायचा आणि कळपाच्या म्होरक्या गाईच्या फुप्फुसात गोळी घालायचा. ती पळायची नाही, उभ्या उभ्या रक्त ओकायची. बाकीचे तिला हुंगत तिथेच घोटाळायचे, आणि मग हिरम एकेक करून सगळ्यांना पाडायचा.

तिसऱ्या वर्षी पानगळीत गोळ्या चुकायला लागल्या. गाईच्या पोटात लागायच्या. ती उधळायची आणि तिच्यामागे अख्खा कळप.

"तुझे कागद सैल आहेत," हिरम म्हणाला.

तिनं सगळ्या गोळ्या पुन्हा गुंडाळल्या. पुन्हा तेच झालं. तेव्हा त्यानं भांडंभर गोळ्या चिखलात ओतल्या. तिनं त्या वेचून धुतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो झोपला असताना तिनं बंदूक ओढ्यापलीकडे, बार ऐकू येणार नाही इतकी दूर नेली, पेटीचं झाकण लांबवर उभं केलं आणि पालथी पडून गोळ्या झाडल्या. लहानपणी बापानं खारी मारायला शिकवलं होतं, तेवढंच तिचं शिक्षण. झाकणावरची सगळी भोकं तिच्या तळहाताखाली झाकली गेली. बंदुकीपुढच्या गवतात कागदाचे कपटे पडले होते, जसे फाटायला हवेत तसेच, लांब आणि स्वच्छ. खोट गोळ्यांत नव्हती. खोट गोळ्यांत असती तर बरं झालं असतं.

मग तिचं लक्ष जायला लागलं. कप उचलताना त्याचा हात वीतभर अलीकडेच मिटायचा. उन्हात बुबुळांवर ताकासारखं काहीतरी दिसायचं.

"हिरम, तुझे डोळे..."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"काल कॉफीत साखर म्हणून मीठ घातलंस. आणि प्यायलासही, मला कळू नये म्हणून."

तो उठून जवळ आला. "ओबेदला यातलं एक अक्षर कळलं तर बघ. सोलणारा सोडून गेला तर हिवाळा बुडाला."

तिनं ओबेदला सांगितलं नाही.

नदीवर बर्फाची साय धरली त्या आठवड्यात ते घडलं. हिरमनं बार काढला, एक मोठा बैल कोसळला, बाकीचे पळाले. "मेला. जा," हिरम म्हणाला. ओबेद सुरी घेऊन निघाला. केटुरा मागून गाडी हाकत येत होती. उंचावरून तिला बैलाची बरगडी हलताना दिसली. तिनं हाक मारली, पण वारा उलटा होता. ओबेदनं वाकून पाय धरला आणि बैल उठला.

त्यानं ओबेदला शिंगावर घेतलं, आपटलं, पुन्हा घेतलं. हिरम बंदूक धरून उभा होता. नळी इकडून तिकडे फिरत होती. "कुठे आहे? केटुरा, कुठे आहे तो?"

तिनं गाडीतून उडी टाकली, बंदूक हिसकावली आणि पालथी पडली. माणूस आणि जनावर एकाच ठिकाणी होते. तिनं चाप ओढला. काळ्या दारूचा धूर पांढऱ्या भिंतीसारखा समोर उभा राहिला. आपण कोणाला मारलं, हे तो विरेपर्यंत कळायला मार्ग नव्हता. हिरम विचारत राहिला, "लागली? कोणाला लागली?"

बैलाला लागली होती. पण तो ओबेदच्या पायांवर पडला होता, आणि ओबेदचं पोट शिंगांनी आधीच फाटलेलं होतं.

ओबेद संध्याकाळपर्यंत जगला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"बाई, मालकाला दिसत नाही ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"पानगळीपासून."

त्यानं नजर आभाळाकडे वळवली. "मला सांगायचं होतंत," म्हणाला. त्यानंतर त्यानं फक्त पाणी मागितलं.

जमीन गोठून दगड झाली होती. कुऱ्हाडीनं फोडून त्यांनी जेमतेम खड्डा केला.

"आता परत जाऊ," केटुरा म्हणाली.

"कशाला? आंधळ्याला गावातून हाताला धरून फिरवायला?" हिरमचा आवाज चिरकला. मग खाली मान घालून म्हणाला, "तुझा नेम आहे. मला हातानं चाचपून सोलता येईल. कोणाला कळायचं नाही."

तसंच झालं. ती पालथी पडायची, तो शेजारी. प्रत्येक बारानंतर ओल्या चिंधीनं नळी पुसून द्यायचा आणि गोळी मांसात शिरल्याचा आवाज ऐकून सांगायचा, "बसली" किंवा "हाड लागलं, पुन्हा मार." नळी तापून हात भाजेपर्यंत ती मारत राहायची. मग हिरम गुडघ्यांवर रांगत, कातडीची शिवण चाचपत सोलायचा, आणि घोडा लावून कातडं ओढून काढायचा. कोपरापर्यंत रक्तानं भरलेला असायचा, आणि त्याला ते दिसायचं नाही.

एकदा एक वासरू गाडीमागे तंबूपर्यंत आलं. त्याच्या आईचं कातडं गाडीत होतं.

"काय हंबरतंय?" हिरमनं विचारलं.

"काही नाही." तिनं वासराला ओढ्यापाशी नेलं आणि तिथे मारलं. लांडग्यांपेक्षा ते बरं, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

वसंतात लष्कराच्या किल्ल्याखालच्या गावात कातडी उतरवताना व्यापारी म्हणाला, "प्रुइट, तुझा नेम अजून तसाच आहे बुवा." हिरमनं मान डोलावली. केटुरा घोडे सोडत होती.

पुढच्या पानगळीत ते पुन्हा माळावर आले आणि थांबले. गवे आले नाहीत. हिरम रोज विचारायचा, ती रोज नाही म्हणायची.

"खोटं बोलतेस," एके दिवशी तो ओरडला. "तुला कंटाळा आलाय मारायचा. आंधळ्याला काय, काहीही सांगावं! एवढे होते, जातील कुठे?"

तिनं गाडी जुंपली, त्याला वर बसवलं आणि मागच्या हिवाळ्यातल्या जागी नेऊन उतरवलं. "चाल," म्हणाली.

तो हात पुढे करून चालू लागला आणि अडखळला. खाली बसून चाचपलं. कवटी होती. उठला, दोन पावलं टाकली, पुन्हा अडखळला. बरगड्या. दिशा बदलली, तिकडेही तेच. शेवटी तो चारी बाजूंना हात फिरवत रांगायला लागला, सोलताना रांगायचा तसाच.

"हे सगळं आपलं?"

"आपलंही आहे."

"आणि पुढे?"

"नजर पोचते तिथवर."

तो तिथेच बसला. ती पाठीला पाठ लावून बसली, कारण वारा बोचत होता आणि दोघांत कोट एकच होता.

त्यांनी पुन्हा शिकार केली नाही. किल्ल्याजवळ खोली घेऊन केटुरा शिपायांचे कपडे धुवायला लागली. हिरम चार वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेला. ओबेदबद्दल तो कधी बोलला नाही. ती एकदा बोलली, तर तो उठून भिंतीकडे तोंड करून निजला. तो गेल्यावर तिनं बंदूक एका मेंढपाळाला देऊन टाकली.

बंदूक खांद्याला लावून बघत मेंढपाळानं विचारलं, "नेम चांगला होता म्हणतात तुमच्या नवऱ्याचा?"

"एके काळी," ती म्हणाली, आणि दोरीवरचे ओले कपडे उलटे करायला वळली.