माकडहाडाआडची पिशवी

खाटकीण वर्षभर दुकानात बसली म्हणून नव्हती. उभ्यानं बोकड सोलायची, उभ्यानं जेवायची, गिऱ्हाइकाचा उद्धारही उभ्यानंच. एकानं लाडीगोडीनं "जरा टेका की बाई" म्हटलं, तर नळीचं हाड त्याच्या कपाळावर बसलं. चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं.

दुखणं होतं बसायच्या जागी, माकडहाडापाशी. गल्लीतल्या डॉक्टरानं गळू म्हणून तीनदा चिरलं, पू काढला, पट्टी बांधली. मेलं पुन्हा भरायचं. चौथ्यांदा भरलं तेव्हा तिनं शटर ओढलं, सोलायची सुरी विस्तवावर लाल केली, ओंडक्यावर पालथी पडली आणि नणंदेला म्हणाली, "खुपस. खोल जाऊ दे."

नणंद अंगानं काडी, पण दुकानात अर्ध्याची मालकीण. "मी बोकड कापते, भावजय नाही."

"भित्री कुठली!"

"अन् तू जन्माची येडी!"

खाटकीण स्वतःच सुरी घेऊन हात मागं वळवायला लागली. नणंदेनं मनगट धरलं, ही कडकडून चावली, तिनं तराजूचं पारडं हिच्या डोक्यात घातलं. सुरी लांब उडाली. भळाभळा वाहणाऱ्या रक्तासकट नणंदेनं तिला गाडीत कोंबलं आणि मोठा दवाखाना गाठला.

डोक्याला टाके पडले. "आलोच आहोत, तर खालचंही बघा," नणंद म्हणाली.

सर्जनबाईंनी शौचाच्या वाटेनं आतून बोटानं तपासायला घेतलं मात्र, खाटकिणीची लाथ त्यांच्या नाकावर. चष्म्याचे दोन तुकडे.

बाईंनी नाकात कापूस कोंबला. "नको असेल तर नाही करत. पण तीनदा चिरून परत येतं, ते साधं गळू नसतं. आत काय आहे ते कळायला हवं."

खाटकिणीनं खाटेची दांडी आवळली. "बघा."

आतड्याच्या मागं बोटाला मऊ फुगा लागला. मशीनच्या फोटोत तो स्वच्छ दिसला. आतडं आणि माकडहाड यांच्या मधे, कप्प्याकप्प्यांची पिशवी.

"ही जन्मापासूनची," बाई म्हणाल्या. "आईच्या पोटात प्रत्येकाला इवलीशी शेपटी असते. ती जाते, तिच्यातलं आतडंही जातं. तुझं थोडं राहिलं. क्वचितच राहतं असं."

"मी म्हणतच होते," नणंद म्हणाली, "जनावर आहे."

"एका कप्प्यात घट्ट गाठ दिसते. अशा पिशवीत कधी कधी कॅन्सर होतो. म्हणून तपासायलाही सुई टोचायची नाही, अख्खीच काढायची. आत फुटली तर..."

"पित्ताची पिशवी फुटते तसं," खाटकीण पुटपुटली. "कलेजी कडूजहर." ओंडक्यावरची लाल सुरी आठवून तिला घाम फुटला.

माकडहाड तोडून पिशवी अखंड काढली. गाठीत कॅन्सर निघाला, पण कप्प्याच्या आतच होता. गल्लीतल्या डॉक्टराच्या चिरा नशिबानं तिथवर पोचल्या नव्हत्या. आता तपासणीला मात्र येत राहायचं होतं.

चालता यायला लागल्यावर ती आधी गल्लीतल्या डॉक्टराकडं गेली. गर्दीतून आत घुसली आणि कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं.

"तीनदा चिरलंस. एकदा तरी आतून तपासलंस?"

"तुम्ही लाजाल म्हणून..."

"मी? लाजलास तू!" एक सणसणीत बसली. "पुढची कुणी अशी परत परत आली, तर चिरू नकोस. मोठ्या दवाखान्यात धाड."

डॉक्टरानं घाईघाईनं मान हलवली.

"तोंडानं बोल," खाटकीण म्हणाली. "बाहेर बसलेल्या बायांना ऐकू जाऊ दे."