दीड मिनिटाचा कॅमेरा

हिंदुराव जगदाळे सरांनी कोथरूडच्या एका शाळेत बत्तीस वर्षं पी.टी. शिकवली. शिकवली म्हणजे शिट्टी वाजवली. शिट्टी वाजली की पळायचं, पुन्हा वाजेपर्यंत थांबायचं नाही, आणि ती पुन्हा लवकर वाजायची नाही. निवृत्त झाल्यावर माणूस शिट्टी खुंटीला टांगतो. सरांनी ती गळ्यातच ठेवली आणि आमच्या सोसायटीतल्या बेसावध मंडळींचा रविवारचा गट काढला. दर रविवारी पहाटे आतकरवाडीला गाड्या लावायच्या आणि पायी सिंहगड चढायचा. मी पूर्णिमा, सरांच्या वरच्या मजल्यावर राहते. पस्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात बसून काढल्यामुळे मला हलवणं हे सरांनी आपलं जीवितकार्य मानलं होतं.

गटाचा नियम एकच, आणि तो सरांनीच केलेला. चढताना जो तीनपेक्षा जास्त वेळा थांबेल, त्याची पुढच्या रविवारपासून पायथा गटात रवानगी. पायथा गट म्हणजे खाली टपरीवर बसून आमच्या स्वेटरांची राखण करणारे आणि कांदाभजी खाणारे लोक. तिथून परत वर आलेला माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या ह्यांनाही सरांनीच खाली बसवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, थोडं सांभाळून घ्या, असं मी म्हटलं तर म्हणाले, "मग भजी खाऊ देत. भजीला गुडघा लागत नाही." ह्यांनी ते चार वर्षं मनात ठेवलं आणि भजी खाल्ली.

गेल्या डिसेंबरात सोसायटीची लिफ्ट आठवडाभर बंद होती. तेव्हा मला एक गोष्ट दिसली. सर जिना चढताना पहिल्या मजल्यावरच्या फलकापाशी थांबून पाण्याची टाकी धुण्याची सूचना वाचायचे. सकाळी वाचायचे, संध्याकाळी वाचायचे. चार ओळींची सूचना, आणि टाकी धुऊन महिना झालेला. चौथ्या दिवशी मी त्यांना गाठलं आणि घरी आणून पाणी दिलं.

"दम लागतो," सर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. गड चढा, पण दर दहा मिनिटांनी दीड मिनिट थांबा. नाडी खाली आली की पुढे चला."

मी हिशेब केला. वर जाईपर्यंत सात थांबे होत होते.

"मग नियम बदला की. तुमचाच आहे."

"आणि ज्यांना खाली पाठवलं त्यांना काय सांगू?" सरांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे हे पेपर वाचत होते, म्हणजे ऐकत होते. सर आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मी निरीक्षण केलंय. वाटेत उगाच उभा असेल तर तो म्हातारा. गळ्यात कॅमेरा घालून उभा असेल तर तो फोटोग्राफर. त्याला कोणी काही विचारत नाही. मला कॅमेरा हवाय."

हाच माणूस सेल्फी काढणाऱ्या पोरांना "देवाने डोळे दिलेत ते कशाला?" असं विचारत अकरा वर्षं गड चढत होता. पण गड सुटला तर सरांचं काय उरेल हे मला ठाऊक होतं. वहिनी गेल्यापासून सरांचा आठवडा रविवारपासून रविवारपर्यंतच असतो. मी चप्पल घातली.

दुकान टिळक रस्त्यावर होतं, आणि काउंटरमागचा राकेश निघाला सरांचा जुना विद्यार्थी. उशिरा आल्याबद्दल मैदानाला बारा फेऱ्या मारलेला. वय चाळीशीपुढे, डोक्यावर केस बेताचे, तरी सरांना पाहताच त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि सावधानमध्ये उभा राहिला.

"ट्रेकिंगसाठी ना सर? मग आधी वजन बघायचं." त्याने एक देखणा काळा कॅमेरा पुढे ठेवला. "साडेतीनशे ग्रॅम. पावसाची भीती नाही, धुळीची नाही. पाठीवर आहे हे कळणारसुद्धा नाही."

"फोटो काढायला वेळ किती लागतो?"

"वेळ लागतच नाही सर! सेकंदाला वीस फोटो."

"दीड मिनिटाला एक, असा नाही का?"

राकेशने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवर टांगलेल्या पिशव्यांकडे पाहिलं.

सरांना बहुधा लांबचे फोटो काढायचे असतील, असं समजून त्याने मोठा कॅमेरा काढला. लेन्स बदलायची, झाकणं लावायची, वेळ भरपूर जाणार होता. सर खूश झाले. त्यांनी सगळा संच खांद्याला लावून दुकानात दारापासून काउंटरपर्यंत चार खेपा घातल्या आणि स्टुलावर बसले. "अडीच किलो आहे हे. ह्याच्याने दर पाच मिनिटांनी थांबावं लागेल." मग राकेशने शेवटचा हुकमी पत्ता टाकला. ही क्लिप सर, सॅकच्या पट्ट्याला लावायची, कॅमेरा छातीवरच राहतो, चालता चालता काढायचा, चालता चालता फोटो. "थांबायची गरजच नाही सर!"

सर दोन पावलं मागे सरकले.

"राकेश, नीट ऐक. मला हलका हवा आणि सावकाश हवा."

"सर, हलके सगळे झटपटच असतात. आणि जडसुद्धा झटपटच असतात. सावकाशवाले कंपन्यांनी बंद केले." मग त्याला काहीतरी आठवलं. त्याने खालच्या खणातून एक राखाडी कॅमेरा काढून फुंकर मारली. कोणीतरी जुना देऊन नवा घेताना टाकून गेलेला. "हा मी कुणाला दाखवत नाही सर. लाज वाटते."

सरांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. कॅमेऱ्याच्या दुकानात स्टॉपवॉच लावून खरेदी करणारं गिऱ्हाईक त्या दुकानाने आधी पाहिलं नसावं. आजूबाजूची विक्री थांबली. बटण दाबल्यावर कॅमेरा घुर्र करून जागा झाला, लेन्स सावकाश बाहेर आली, थोडी आत गेली, परत बाहेर आली. अकरा सेकंद. फोकस शोधायला नऊ. फोटो काढल्यावर पडदा काळा, तो उजाडायला सहा.

"सव्वीस," सर म्हणाले. "उरलेली चौसष्ट मी बघतो."

"पण सर, हा फोकस चुकवतो. समोरचं सोडून मागचंच धरतो. फोटो बरे येणार नाहीत."

"फोटो कुणाला हवेत?"

राकेशला पुढे विचारायचं होतं, पण बारा फेऱ्या आठवल्या असाव्यात.

उरलेली चौसष्ट सेकंदं सरांनी मंडईजवळच्या एका दप्तरं शिवणाऱ्याकडून करून घेतली. कॅनव्हासचं कव्हर, त्याला तीन बकलं, आत नाडीची पिशवी, पिशवीत पुसायचं फडकं. घरी रंगीत तालीम झाली. मी वेळ लावली. चौऱ्याण्णव सेकंद.

"चार जास्त आहेत," मी म्हटलं.

"असू देत. राखीव."

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी सरांनी गटासमोर जाहीर केलं की फोटोसाठी थांबणं हा विसावा नव्हे, तो छंद आहे, सबब मोजू नये. गटाची वेळ मोजण्याचं काम तेजसकडे असतं. तेजस वारज्यात राहतो, आयटीत आहे, पस्तिशीचा. मनगटावरच्या घड्याळाला विचारल्याशिवाय तो श्वासही घेत नाही. त्याने मान डोलावली. त्या दिवशी सर सातदा थांबले. त्यांनी एक दगड टिपला, एक निवडुंग टिपला, लिंबूसरबतवालीची रिकामी क्रेट टिपली आणि मग तोच दगड दुसऱ्या बाजूने.

"सर, ह्यात काय दिसलं तुम्हाला?" तेजसने विचारलं.

"पोत," सर म्हणाले. हा शब्द त्यांनी कुठून पैदा केला होता देव जाणे.

नाडी खाली यायची, बकलं लागायची, सर पुढे व्हायचे. काढलेला फोटो त्यांनी एकदाही पाहिला नाही. गट मात्र सरांच्या कलेचा आदर करू लागला होता. दातांची डॉक्टर असलेली हेमा एरवी कुणाचं कौतुक करणारी नव्हे, पण तीसुद्धा म्हणायची, "सर, त्या दगडाचा घ्या ना पुन्हा. आज ऊन वेगळं आहे." मला वाटायचं, किती समजूतदार आहे ही.

मार्चमध्ये राजगडाचं ठरवायला सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक भरली. पायथा गटही होता, कारण चहा होता. तेजस लॅपटॉप घेऊन उभा राहिला.

"सरांबद्दल फुल रिस्पेक्ट आहे. पण आपला टाइम सव्वा तासावरून एक तास पस्तीसवर गेलाय. राजगडला हे चालणार नाही. माझं सजेशन आहे, फोटोग्राफी पायथ्याला पण होऊ शकते. तिथे लाइट पण छान असतो."

सरांचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि मला तेजसचं ते घड्याळ मुठा नदीत फेकून द्यावंसं वाटलं.

"सत्तर फोटो काढलेत मी," सर म्हणाले. "काम चालू आहे माझं. असं मध्येच..."

"मग दाखवा ना सर. बघू तरी."

आता आली पंचाईत. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. सरांनी बकलं सोडली. घाईत असूनही पूर्ण वेळ लागला. मी कार्ड हॉलच्या टीव्हीला लावलं आणि रिमोट हेमाकडे दिला.

पहिला फोटो दगडाचा. दगड पार धूसर. पण दगडाच्या मागे, अगदी लख्ख, पायरीवर बसून गुडघ्यात डोकं घातलेली हेमा.

दुसरा निवडुंगाचा. निवडुंग पुसट. मागे एकच झाड दोन बाजूंनी धरून उभे असलेले दोन निवृत्त इंजिनिअर. क्रेटच्या फोटोत क्रेटच्या मागे मी होते. डोळे मिटलेले, तोंड उघडं, हात छातीवर. माझा असा फोटो जगात असावा हे मला बिलकूल आवडलं नाही. आणि चौथ्या फोटोत दुसऱ्या बाजूने टिपलेल्या दगडाच्या मागे तेजस उताणा पडलेला. घड्याळाचा हात मात्र वर, म्हणजे वेळ चालूच.

"ते स्ट्रेचिंग आहे," तेजस म्हणाला.

हेमाने पुढचा लावला. तेजस आडवा. त्याच्या पुढचा. तेजस आडवा, शेजारी कुत्रंही आडवं. "हे सगळं स्ट्रेचिंगच का रे?" तिने विचारलं, आणि हॉल फुटला. लोक टीव्हीकडे बोटं दाखवून एकमेकांना ओळखत होते. सत्तर फोटोंत एक दगड धड आला नव्हता, पण रविवारचा गट एकूण एक, धापा टाकत, स्वच्छ उतरला होता.

सर हसत नव्हते. ते उभे राहिले तेव्हा हशा आपोआप थांबला.

"फोटो हे निमित्त होतं," सर म्हणाले. "मला दम लागतो. डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. तीन महिने मी तुम्हाला फसवलं. नियमाप्रमाणे मी पायथा गटात. पुढच्या रविवारी मी खाली बसेन." त्यांनी कॅमेरा कव्हरमध्ये घातला. पहिलं बकल लागलं, दुसरं लागेना.

"सर, बसा हो," तेजस म्हणाला. त्याचा आवाजही बदलला होता. "तुम्ही खाली बसलात तर आम्ही वर थांबायचं कुणाच्या नावावर?"

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून आमचे हे उठले. "एक मिनिट. म्हणजे मला चार वर्षं भजी खायला बसवलं, आणि तुम्ही सगळे वर झोपा काढत होतात?"

सरांनी ह्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं, अर्धवट लावलेला कॅमेरा काखेत मारला आणि ते निघून गेले.

रविवारी पहाटे पाचला आमची बेल वाजली. दारात सर होते. ह्यांचे जुने बूट आमच्या दाराबाहेरच्या मांडणीवरून त्यांनीच काढून हातात धरले होते.

"चला," ते ह्यांना म्हणाले. "थांबत थांबत जाऊ. माझं चुकलं होतं."

ह्यांनी बूट चढवले. नाडी बांधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

पहिल्या वळणावर सरांनी शिट्टी फुंकली. बत्तीस वर्षं जिच्यावर पोरं पळाली तिच्यावर त्या दिवशी अठरा माणसं खाली बसली. दीड मिनिट मोकळं होतं. कुणाला काही दाखवायचं नव्हतं. सर इकडेतिकडे बघत बसले, आणि समोरच्या फांदीवर येऊन बसला स्वर्गीय नर्तक पक्षी. पांढरा, हातभर लांब शेपटी, ऊन अंगावर. सर ओणवे झाले. पहिलं बकल, दुसरं बकल, तिसरं, नाडीची गाठ, फडकं, मग घुर्र. लेन्स बाहेर, लेन्स आत, लेन्स बाहेर. पाखरू केव्हाच दरीपल्याड गेलं होतं.

"किती वेळ!" सर ओरडले. "अरे, किती वेळ लावतो हा!"

"दीड मिनिट," आमचे हे म्हणाले. "चार सेकंद राखीव."

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या राकेशचा मला फोन आला. आवाज दबका होता. "मॅडम, सर आलेत. सेकंदाला वीसवालाच हवा म्हणून हटून बसलेत. देऊ?"

"द्या," मी म्हटलं. "पण तो जुना त्यांच्याकडून परत घेऊ नका. मागे राहिलेल्यांचे फोटो तोच नीट काढतो."